हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी? वाचनालयाच्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांसाठी सल्ला हवा आहे

मोडीवाचक – रविवार, सकाळी ११.१५

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयात गेली सहा वर्षे जुनी कागदपत्रे स्कॅन करण्याचे काम चालू आहे. मोडी दफ्तरे, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक आणि काही घराण्यांनी तात्पुरते दिलेले कागद असा हा संग्रह असून टिफ या चित्रस्वरूपातील सर्व फाइली मिळून सुमारे साडेपाच टेराबाइट जागा व्यापतात. यांतील बरेचसे मूळ कागद मालकांनी परत नेले आणि एका घरातील दफ्तर त्यानंतर वाळवीने खाल्ले, म्हणजे त्या दफ्तरापुरती आमच्याकडील प्रत हीच आता अस्सल प्रत झाली आहे.

अडचण अशी की दोन वर्षांत आमच्या दोन हार्ड डिस्क गेल्या. पहिली यूएसबीला जोडायची छोटी डिस्क होती आणि ती चौदा महिन्यांत बंद पडली. त्यानंतर मुद्दाम दुसऱ्या कंपनीची मोठी डिस्क घेतली, ती नऊ महिन्यांनी आधी अतिशय मंद झाली आणि मग संगणकाला दिसेनाशीच झाली. एका स्वयंसेवकाच्या घरी बहुतेक फाइलींची प्रत होती म्हणून निभावले, तरी तीनेकशे पाने हातची गेली.

आता आठ टेराबाइटच्या दोन डिस्क घेण्यापुरते पैसे कार्यकारिणीने मंजूर केले आहेत. गावातील एक दुकानदार एका कंपनीची शपथ घेतो, शहरातील दुसरा नेमकी तीच कंपनी टाळायला सांगतो. कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे की सर्वांत टिकाऊ हार्ड डिस्क कोणती कंपनी बनवते.

लग्नसराई – रविवार, दुपारी १.४०

मी गेली अकरा वर्षे लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो, त्यामुळे हार्ड डिस्क हा माझ्या धंद्यातील नारळ-सुपारीइतकाच नेहमीचा खर्च आहे. आजवर तीस डिस्क वापरल्या. त्यांपैकी वीस एका कंपनीच्या होत्या आणि त्यांतल्या चार गेल्या. दहा दुसऱ्या कंपनीच्या होत्या, त्यांतली एकच गेली. एकीकडे वीस टक्के आणि दुसरीकडे दहा टक्के, असा सरळ हिशेब आहे. नावे हवी असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवीन, पण कंपनीचे नाव पाहूनच डिस्क घ्यावी असे माझे ठाम मत आहे.

शंकासूर – रविवार, दुपारी ३.०५

लग्नसराई, आपला अनुभव मोठा आहे, परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष तेवढा मोठा नाही. समजा, दोन्ही कंपन्यांच्या डिस्क तंतोतंत सारख्या दर्जाच्या आहेत आणि तीसपैकी कोणत्या पाच जाणार हे केवळ चिठ्ठ्या टाकून ठरते. तरीही त्या पाचांपैकी चार किंवा पाचही चिठ्ठ्या वीसच्या गटातून निघण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के येते. म्हणजे आपल्याला दिसलेला दुप्पट फरक हा जवळजवळ नाणेफेकीइतका स्वस्त आहे. याचा अर्थ दोन्ही कंपन्या सारख्याच आहेत असा नव्हे. तीस डिस्कांवरून ते ठरवता येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

एकही डिस्क न गेलेल्यांसाठीही असाच एक ठोकताळा आहे. दहा डिस्क घेतल्या आणि एकही गेली नाही, तर खरे प्रमाण शून्य आहे असे मानता येत नाही. तीनला दहाने भागून येणाऱ्या तीस टक्क्यांपर्यंत ते कुठेही असू शकते, इतकेच त्यावरून खात्रीने सांगता येते. 'माझी तर दहा वर्षे चालते आहे' असे सांगणारे प्रतिसाद वाचताना हे लक्षात ठेवावे.

साठवणकर – रविवार, रात्री १०.५०

मी नवी मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये साठवणुकीच्या विभागात काम करतो. मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की 'कंपनी' हे मोजण्याचे चुकीचे माप आहे. टिकाऊपणा हा मॉडेलचा गुण असतो, आणि कधीकधी तर मॉडेलच्या एखाद्या घाण्याचा. हे का, ते जरा विस्ताराने लिहितो.

आधी कंपन्यांचीच गोष्ट पाहू. आज जगात फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकीची सारी नावे या तिघींच्या पोटात गेली. क्वांटमचा हार्ड डिस्कचा धंदा मॅक्सटॉरने घेतला, मॅक्सटॉरला २००६ मध्ये सीगेटने घेतले आणि २०११ मध्ये सॅमसंगचा हार्ड डिस्क विभागही सीगेटकडेच आला. आयबीएमचा विभाग २००३ पासून हिताचीकडे होता, तो २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला आणि त्या व्यवहारात नियामकांनी घातलेल्या अटीपोटी काही उत्पादनसामग्री तोशिबाला द्यावी लागली. तोशिबाने त्याआधी २००९ मध्ये फुजित्सुचा विभाग घेतला होता. त्यामुळे 'अमुक कंपनीची डिस्क' म्हणताना आपण कोणत्या काळातील, कोणत्या कारखान्याची आणि कोणाच्या आराखड्याची डिस्क म्हणतो आहोत, हा प्रश्न उरतोच.

याच घराण्याचे उदाहरण घ्या. आयबीएमची डेस्कस्टार ७५ जीएक्सपी ही २००० साली आलेली मालिका इतकी वाईट निघाली की लोक तिला 'डेथस्टार' म्हणू लागले आणि अमेरिकेत तिच्यावरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. पुढे तोच विभाग हिताचीकडे गेला आणि दहा-बारा वर्षांनी त्याच परंपरेतील डिस्क टिकाऊपणाच्या तक्त्यांत वरच्या स्थानी दिसू लागल्या. कोणी २००१ मध्ये हात पोळून घेऊन 'या घराण्याची डिस्क पुन्हा घेणार नाही' असा पण केला असता, तर पुढच्या दशकातील सर्वांत चांगल्या डिस्कांना तो मुकला असता.

आता तक्त्यांविषयी. बॅकब्लेझ ही कॅलिफोर्नियातील कंपनी लोकांचा बॅकअप साठवते आणि आपल्याकडील प्रत्येक डिस्कची दररोजची नोंद जाहीर करते. एप्रिल २०१३ पासूनची ही माहिती कोणालाही उतरवून घेता येते. त्यांचे माप समजून घेण्याजोगे आहे. सर्व डिस्कांनी मिळून चालवलेले एकूण दिवस मोजायचे, त्यांना ३६५ ने भागून डिस्क-वर्षे काढायची आणि बिघाडांच्या संख्येला त्या आकड्याने भागायचे. यातून वार्षिक बिघाडाचे प्रमाण मिळते. त्यांच्या सर्व डिस्कांचे मिळून हे प्रमाण २०२१ मध्ये १.०१ टक्के होते, २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.७० आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के. म्हणजे शंभर डिस्क वर्षभर चालवल्या तर एक किंवा दोन जातात.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात मात्र 'बिघाडापूर्वीचा सरासरी काळ १० लाख तास' असा आकडा असतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे, पण याचा अर्थ आपली डिस्क पणतवंडांपर्यंत चालेल असा नाही. वर्षाचे तास ८७६० धरले तर त्या आकड्यातून वर्षाला ०.८८ टक्के बिघाड एवढाच अर्थ निघतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या तेव्हा प्रत्यक्ष बदलाव्या लागलेल्या डिस्कांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या वर, अनेकदा दोन ते चार टक्के आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत आढळले होते.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. सीगेटची ३ टेराबाइटची एसटी३०००डीएम००१ ही डिस्क बॅकब्लेझने २०१२ पासून मोठ्या प्रमाणावर बसवली, एकूण ४८२९. मार्च २०१५ अखेर २०१२ मध्ये बसवलेल्यांपैकी केवळ दहा टक्के सेवेत उरल्या होत्या. या एका मॉडेलने सीगेटचे नाव इतके खराब केले की आजही दुकानात त्याचे पडसाद ऐकू येतात. परंतु त्याच कंपनीचे ४ टेराबाइटचे मॉडेल त्याच कपाटांत वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास राहिले, आणि ६ टेराबाइटचे एक मॉडेल तर अनेक वर्षे एक टक्क्याच्या आसपास. कंपनी एकच असली, तरी या तीन मॉडेलांची कुंडली निराळी होती.

त्या ३ टेराबाइटच्या डिस्कचा काळही पाहायला हवा. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, बांग पा-इन येथील वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला, सुट्या भागांचे कारखाने बुडाले आणि जगभर डिस्कांचे भाव भडकले. बॅकब्लेझला सुट्या डिस्क मिळेनात, तेव्हा त्यांनी दुकानांतून बाहेरून जोडायच्या डिस्क आणून त्यांची कवचे फोडली आणि आतील माल वापरला. घरगुती वापरासाठी बनलेल्या त्या डिस्क चाळीसपेक्षा जास्त डिस्कांच्या थरथरत्या कपाटात अहोरात्र चालल्या. मॉडेल वाईट होते हे मी नाकारत नाही, पण कोणत्या परिस्थितीत वाईट ठरले तेही आकड्याला जोडूनच वाचावे.

लग्नसराई – सोमवार, सकाळी ९.२०

शंकासूर यांचे गणित मान्य आहे. तरीही साठवणकर, एक गोष्ट खटकते. ग्राहक मॉडेलचा इतिहास पाहून डिस्क घेईल कशी? एखाद्या मॉडेलची पाच वर्षांची माहिती गोळा होईपर्यंत ते बाजारातून गेलेले असते. नव्या मॉडेलपुढे उभे राहिल्यावर माझ्या हाताशी कंपनीच्या नावाखेरीज दुसरे काय असते?

साठवणकर – सोमवार, रात्री ९.३५

प्रश्न अगदी बिनतोड आहे आणि माझ्या लांबलचक प्रतिसादातील ती उणीव मान्य करतो. नव्या मॉडेलबाबत तीन गोष्टी हाताशी असतात. पहिली म्हणजे डिस्कचा वर्ग. वॉरंटी किती वर्षांची आणि वर्षाला किती टेराबाइट माहितीची लिहा-वाच गृहीत धरली आहे, हे माहितीपत्रकात लिहिलेले असते. सीगेटची बाराकुडा दोन वर्षांच्या वॉरंटीची आणि वर्षाला ५५ टेराबाइटच्या कामाची, आयर्नवुल्फ तीन वर्षांची आणि १८० टेराबाइटची, तर एक्सॉस पाच वर्षांची आणि ५५० टेराबाइटची. वेस्टर्न डिजिटलमध्ये रेड प्लस आणि गोल्ड यांचे नाते साधारण असेच आहे. एकाच कंपनीच्या या दोन टोकांत जितके अंतर असते, तितके दोन कंपन्यांच्या समान वर्गांत सहसा नसते.

दुसरी गोष्ट लिहिण्याची पद्धत. ही समजावायला आपल्याकडील कौलारू घर फार सोयीचे आहे. जुन्या पद्धतीत तबकडीवरील माग, म्हणजे माहिती लिहिण्याच्या गोल रेघा, एकमेकांशेजारी, न शिवता असतात. नव्या पद्धतीत जागा वाचवण्यासाठी ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, आणि इंग्रजीतील तिच्या 'शिंगल्ड' या नावातही कौलाचाच शब्द आहे. एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली कौले उचलावी लागतात, तसे एक माग बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. एकदाच लिहून ठेवण्यासाठी ही डिस्क चालते. परंतु रेडमधील एक डिस्क बदलून नवी भरताना, किंवा शेकडो गिगाबाइट फाइली सलग इकडून तिकडे हलवताना, ती रडकुंडीला आणते. (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत, वेस्टर्न डिजिटलची मालिका नव्हे. या नावांनी आमच्या कार्यालयातही घोळ होतो.)

तिसरी गोष्ट म्हणजे कंपनी खरे सांगते का, आणि इथे मात्र लग्नसराई यांच्या बाजूने मी झुकतो. एप्रिल २०२० मध्ये असे उघड झाले की वेस्टर्न डिजिटलने रेड या नेटवर्क साठवणुकीसाठी विकल्या जाणाऱ्या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कांत ही कौलारू पद्धत वापरली होती आणि माहितीपत्रकात तसे नमूद केले नव्हते. ओरड झाल्यावर याद्या प्रसिद्ध झाल्या आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कांना रेड प्लस असे वेगळे नाव मिळाले. सीगेट आणि तोशिबा यांच्या काही घरगुती डिस्कांतही ही पद्धत वापरात होती. कंपनीचे नाव मला डिस्क किती टिकेल ते सांगत नाही, परंतु ती कोणती गोष्ट लपवू शकते ते सांगते, आणि त्या तपासणीत तिघींपैकी कोणीही पूर्ण धुतल्या तांदळासारखे नाही.

दुरुस्तीवाला – सोमवार, रात्री ११.१०

पुण्यात डिस्कमधून माहिती काढून देण्याचे काम मी सोळा वर्षे करतो. चर्चा उत्तम चालली आहे, पण माझ्या टेबलावर येणारा बहुसंख्य माल हा टक्केवारीने मेलेला नसतो. तो पडलेला असतो, किंवा विजेने मारलेला असतो.

चालू डिस्कमध्ये हेड, म्हणजे माहिती लिहिणारा-वाचणारा भाग, तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. अशा अवस्थेत टेबलावरून वीतभर उंचीवरून पडलेली डिस्क बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून तिची तबकडी खरवडली जात असते. बंद असताना हेड तबकडीपासून दूर, उतरणीवर नेऊन ठेवलेले असते, म्हणून तीच डिस्क बंद अवस्थेत बराच मोठा धक्का सोसते. हा फरक माझ्या गिऱ्हाइकांपैकी दहांत एकालाही ठाऊक नसतो.

मोडीवाचक, कृपया काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिली डिस्क जाताना टकटक आवाज येत होता का? ती कोणी ने-आण करत होते का? दुसरी डिस्क स्वतंत्र अॅडॉप्टरवर चालत होती का, आणि वाचनालयात यूपीएस आहे का? त्या दोन्ही डिस्क जपून ठेवाव्यात आणि त्या पुन्हापुन्हा चालू करून पाहू नयेत. टकटकणाऱ्या डिस्कला 'एकदा शेवटचे' चालू करण्याच्या नादात कित्येक वाचण्याजोगी माहिती गेलेली मी पाहिली आहे. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्यालाच फ्रीजमध्ये ठेवावे.

मोडीवाचक – मंगळवार, सकाळी ८.३०

आपले प्रश्न वाचून थोडी शरम वाटली. पहिली डिस्क आमचे एक स्वयंसेवक स्कूटरच्या डिकीतून रोज घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी आणत, कारण वाचनालयात चोरीची भीती होती. शेवटी तिच्यातून टकटक आवाज येत होता. दुसरी डिस्क स्वतंत्र अॅडॉप्टरवर होती. यूपीएस नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते आणि येताना दिवे भडकन पेटतात.

दुरुस्तीवाला – मंगळवार, सकाळी १०.००

मग पहिलीचा दोष कंपनीपेक्षा स्कूटरच्या वाट्याला अधिक जातो असा माझा कयास आहे. दुसरीबाबत आशा आहे. कधीकधी केवळ कवचातील यूएसबीचे छोटे सर्किट किंवा अॅडॉप्टर जळालेले असते आणि आतील डिस्क शाबूत असते. आधी मंद झाली होती म्हणता, त्यामुळे खात्री देत नाही, पण ती तीनशे पाने विसरून जाण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवावी. वॉरंटीत डिस्क परत केली तर बदली डिस्क मिळते, माहिती नव्हे, आणि बदली मिळते तीही बऱ्याचदा दुरुस्त करून पुन्हा तपासलेली असते. म्हणून आधी माहिती, मग वॉरंटी.

दर्याकिनारा – मंगळवार, दुपारी १२.२५

रत्नागिरीकडील एक भर घालतो. आमच्याकडे खाऱ्या दमट हवेने डिस्कपेक्षा आधी तिच्या सर्किटवरील आणि तारेच्या टोकाचे संपर्कबिंदू काळवंडतात. कपाटात ठेवायची डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या पावसाळ्याआधी बदलाव्यात.

राईनकाठ – मंगळवार, रात्री ११.४५

मी जर्मनीत राहतो. खरेदी करताना इथे गाजलेले एक प्रकरण जरूर लक्षात घ्यावे. २०२५ च्या जानेवारीत इथल्या हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने दाखवून दिले की नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या कित्येक मोठ्या डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या. चिया नावाच्या आभासी चलनासाठी डिस्कांची शेते उभारली गेली होती, आणि तो धंदा बसल्यावर तिथला माल बाजारात आला असावा, असा त्यामागचा संशय होता. विकणाऱ्यांनी डिस्कमधील स्मार्ट नोंदींतला (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी) चालू तासांचा आकडा शून्य केला होता, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते, तिथे खरे तास उरले होते. स्मार्टसीटीएल या मोफत साधनाच्या ७.४ व त्यापुढील आवृत्तीत ही नोंद वाचता येते. दोन आकडे जुळले नाहीत तर डिस्क परत करावी. थोडक्यात, डिस्क कोणी बनवली याइतकेच ती कोणी विकली हेही महत्त्वाचे आहे, आणि सीगेटचा माल असला तरी या प्रकरणात कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही.

फुलपाखरू – बुधवार, सकाळी ७.५०

एवढ्या कटकटीपेक्षा सरळ एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, घ्यावी. पडली तरी काही होत नाही.

शंकासूर – बुधवार, सकाळी ९.१५

रोजच्या ने-आणीसाठी एसएसडी नक्कीच बरी, आणि स्कूटरवाल्या स्वयंसेवकांना तीच द्यावी. परंतु आठ टेराबाइटची किंमत कार्यकारिणीला झेपणारी नाही, आणि एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असल्याने ती वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवून देण्याचे साधन नव्हे.

एक प्रश्न माझाही आहे. स्मार्ट नोंदी पाहून डिस्क जाण्याआधी कळते का? गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत जाण्याची शक्यता ३९ पट वाढते असे दिसले. पण त्याच अभ्यासात बिघडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत, तापमान सोडल्यास, कोणत्याही नोंदीने पूर्वसूचना दिलेली नव्हती.

साठवणकर – बुधवार, रात्री १०.२०

दोन्ही निरीक्षणे आमच्या अनुभवाशी जुळतात. आम्ही ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदींवर लक्ष ठेवतो. बॅकब्लेझही याच पाच पाहते. १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित ठेवलेले सेक्टर (तबकडीवरील माहितीचे छोटे कप्पे), शून्यावरून हलले की डिस्क काढून ठेवावी. पण सर्व आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तिसऱ्या हिश्शाहून अधिक डिस्क काही न बोलता जातात.

मोडीवाचक, आपल्यापुरता माझा सल्ला असा. दोन्ही डिस्क जुन्या, न चढवलेल्या मागांच्या पद्धतीच्या घ्याव्यात, तीन वर्षे किंवा अधिक वॉरंटीच्या घ्याव्यात आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात. एक कंपनी दुसरीपेक्षा चांगली म्हणून मी हे सांगत नाही. एकाच घाण्यातील दोन डिस्कांना एकच रोग असू शकतो म्हणून सांगतो. २००८-०९ मध्ये सीगेटच्या ७२००.११ मालिकेतील डिस्क फर्मवेअरमधील, म्हणजे डिस्कच्या आतल्या आज्ञावलीतील, एका चुकीमुळे चालू करताच मुक्या होत होत्या, आणि अशा वेळी दोन्ही प्रती त्याच मालिकेवर असणे म्हणजे एकच प्रत असण्यासारखे होते. वर्षाला दोन टक्के धरले तर दोन स्वतंत्र डिस्क त्याच वर्षी जाण्याची शक्यता दहा हजारांत चार इतकी उतरते, पण 'स्वतंत्र' हा शब्द तिथे खरा असला पाहिजे. एकाच टेबलावर, एकाच पट्टीवरून वीज घेणाऱ्या दोन डिस्क स्वतंत्र नसतात. एक वाचनालयात यूपीएसवर ठेवावी आणि दुसरी वेगळ्या इमारतीत बंद कपाटात. दुसरी दर महिन्याला आणून भरावी आणि लगेच परत न्यावी.

शिवाय प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीत जराही बदल झाला तर बदलणारा ओळख-आकडा) काढून ती यादी दोन्ही डिस्कांवर ठेवावी आणि वर्षातून एकदा पडताळावी. डिस्क न मरताही एखादी फाइल गुपचूप खराब होऊ शकते, आणि मोडीची खराब टिफ दहा वर्षे कोणी उघडतही नाही.

लग्नसराई – गुरुवार, सकाळी ८.०५

हे वाचून काल रात्री माझ्या कपाटातील सर्व डिस्क तपासल्या. 'चांगल्या' कंपनीच्या एका डिस्कमध्ये १९७ चा आकडा ४८ निघाला. तीत २०२२ सालची सहा लग्ने आहेत. त्यांची नक्कल चालू आहे.

मोडीवाचक – पुढील आठवडा, शनिवार, सायंकाळी ६.१०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारिणीसमोर हा धागा छापून ठेवला आणि यूपीएससाठी वेगळी रक्कम मंजूर झाली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, तीन आणि पाच वर्षांच्या वॉरंटीच्या डिस्क मागवल्या. एक तालुक्याच्या दुकानातून आली, ती निर्दोष आहे. दुसरी ऑनलाइन मागवली, तिच्या खोक्यावरील सील तर ठीक होते, पण चालू तासांची नोंद ११ हजारांच्या वर निघाली. विक्रेत्याने आधी कानावर हात ठेवले, मग स्क्रीनचे छायाचित्र पाठवल्यावर परत घेतली. आता तिच्या जागी अधिकृत वितरकाकडून आणली आहे आणि अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख तपासून घेतली.

दुरुस्तीवाला यांचा अंदाज अर्धा खरा ठरला. दुसऱ्या जुन्या डिस्कच्या कवचातील सर्किट जळाले होते आणि आतील डिस्कवरही काही सेक्टर खराब होते. तीनशेपैकी दोनशे चौसष्ट पाने मिळाली.

नव्या डिस्कांवर काही भरण्याआधी बॅडब्लॉक्स या डिस्क तपासण्याच्या साधनाने संपूर्ण लिहून-वाचून पाहतो आहे. चार नमुने, प्रत्येक नमुना एकदा लिहायचा आणि एकदा वाचायचा, आणि आठ टेराबाइटच्या एका फेरीला बारा तासांहून अधिक वेळ लागतो. हे एवढे दिवस चालणे योग्य आहे ना?

साठवणकर – शनिवार, रात्री ९.००

योग्य आहे. अशा आठ फेऱ्या होतात, म्हणजे चार दिवस धरावेत आणि शेवटची फेरी संपेपर्यंत थांबावे. त्यानंतर लांब पल्ल्याची स्मार्ट चाचणी घ्यावी आणि ५, १९७, १९८ हे आकडे इथे द्यावेत.

मोडीवाचक – सोमवार, सकाळी ७.४०

तिसऱ्या नमुन्याची लेखनफेरी ६२ टक्क्यांवर आहे, अद्याप एकही चूक नाही. रात्री दोनदा वीज गेली होती, यूपीएसने निभावले.